चौदा नंबरचा खिळा

संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंक काढणार आहेत. खाण आणि पेट्रोलियम तंत्रज्ञान शिकवणाऱ्या या संस्थेतल्या कुठल्याही एका शिक्षकावर पालकांनी दोन पानं लिहून द्यावीत, असा कागद माझी मुलगी नोएमी घेऊन आली. ती तिथे दुसऱ्या वर्षाला आहे.

"पप्पा, तुम्ही आयाविरी बाईंवर लिहा. तुमच्या खाणीत होत्या ना त्या?"

"होत्या. सव्वा वर्ष."

"मग झालं तर! बाकीच्यांच्या घरी कुणी त्यांना ओळखतसुद्धा नाही."

ओळखत मीही नाही. पण या वायराणी गावात त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क म्हणा की कर्ज म्हणा, ते माझ्या एकट्याकडे आहे. मी तिसरी शिकलोय, अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, आणि दोन पानांत हे बसणार नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

निकोलासा आयाविरी आमच्याच डोंगराखालची. बाप खाणीत गेला, म्हणजे अपघातात नाही, आमच्याकडे जातात तसा खोकून खोकून गेला. आई टाकाऊ दगडांच्या ढिगावर बसून हातोडीने कथलाचे तुकडे वेगळे करायची. निकोलासा त्याच ढिगावर अभ्यास करायची. वारा वही उडवून न्यायचा म्हणून पानावर दगड ठेवायची आणि दगड ठेवता ठेवता तो कुठला दगड हेही ओळखायची.

संस्था नवीन निघाली तेव्हा पहिल्या तुकडीत एकोणीस जण होते, त्यात ही एकटी मुलगी. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखंच असतं. खडक, मोजणी, सुरुंग, हवा कशी खेळवायची, पंप. तिसऱ्या वर्षी वाट फुटते: एक खाणीकडे, एक पेट्रोलियमकडे. हे मला आता पाठ झालंय, कारण नोएमीच्या डोक्यात दिवसभर तेच चालू असतं. त्या तुकडीतले तेरा जण पेट्रोलियमकडे गेले. खाली सखल भागात वायूच्या विहिरी आहेत, ऊन आहे, आंबे आहेत, महिन्याच्या महिन्याला पगार आहे. चौघे सीमा ओलांडून चिलीतल्या तांब्याच्या खाणींत गेले. एकाने टॅक्सी घेतली. राहिली निकोलासा. तिने खाण घेतली आणि इथेच थांबली.

"इथे काय ठेवलंय गं तुझं?" असं तिला तिच्या गुरुजींनीच विचारलं होतं म्हणे.

"आई ठेवलीय," ती म्हणाली.

आमच्या सहकारी खाणीने तिला घेतलं ते काही उदार होऊन नाही. नवीन बोगदा काढायचा तर कागदावर शिकलेल्या तंत्रज्ञाची सही लागते, असा नियम आला होता. पुरुष तंत्रज्ञ आमच्याकडे यायला तयार नव्हता. आमच्या विभागाचा प्रमुख कासिमिरो विल्का होता, आवाजाने मोठा, मनाने वाईट नाही, पण जुन्या वळणाचा. तो म्हणाला, "सहीपुरती ठेवू. आत कशाला येतेय?"

ती पहिल्याच दिवशी हेल्मेट घालून आत आली.

बाई आत गेली की धातूची शीर लपते, असं आमच्याकडे मानतात. जमिनीखाली तीओचं राज्य. शिंगांचा, मातीचा, तोंडात सिगारेट दिलेला आमचा तीओ कोनाड्यात बसतो, आम्ही त्याला कोकाची पानं आणि दारू देतो, तो आम्हाला धातू देतो. बाई दिसली की तो बिथरतो. मी हे मानतो का? वर असताना नाही मानत. खाली असताना मानतो. खाली असताना सगळेच मानतात.

तर तिला कुणी हाकललं नाही, पण जवळही कुणी केलं नाही. आत जाण्याआधी आम्ही अर्धा तास तोंडाशी गोल करून बसतो आणि पानं चघळतो. त्या अर्ध्या तासातच आमचं सगळं होतं, भांडणं, सोयरिकी, कोण आजारी, कुणाची बायको माहेरी. ती त्या गोलाच्या बाहेर, उलट्या पाडलेल्या ढकलगाडीवर बसायची. स्वतःची पिशवी, स्वतःची पानं. एकदा तिने मला दोन्ही हातांनी पानं पुढे केली. आमच्याकडे अशी पानं नाकारत नाहीत. मी म्हणालो, "माझ्याकडे आहेत." तिने हात मागे घेतले आणि पानं एकेक करून परत पिशवीत टाकली. मी नजर वळवली. सगळे बघत होते ना.

आता बोगद्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या जुन्या बोगद्याच्या टोकाला हवा नव्हती. धूळ बसायची नाही, दिवे पिवळे पडायचे, माणसं तासातासाने बाहेर येऊन ओकायची. म्हणून नदीच्या अंगाने दुसरा बोगदा खणायला घेतला. इकडून आम्ही, तिकडून दुसरी टोळी, आणि डोंगराच्या पोटात दोघांनी भेटायचं. भेट झाली की वारा आरपार. दीडशे मीटर दगड, दोन्हीकडून अंधार. कुठल्या दिशेने खणायचं हे सांगणारी एकटी ती.

ती ते खिळ्यांवरून सांगायची. बोगद्याच्या छताला भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी, खुंटीत खिळा, खिळ्याला पत्र्याचा नंबर. खिळ्याला ओळंबा सोडायचा, त्याखाली दुर्बिणीचं यंत्र लावायचं, मागचा खिळा बघायचा, मग पुढची दिशा द्यायची. एक खिळा दुसऱ्याच्या जिवावर, दुसरा तिसऱ्याच्या. दर सोमवारी ती पुढे सरकायची, आणि त्याआधी दर सोमवारी एक खिळा मागे जाऊन जुनंच माप पुन्हा घ्यायची. त्यात तासभर जायचा आणि तेवढा वेळ आम्ही छिन्न्या हातात धरून उभे.

"इंजिनीयरबाई, कालचाच खिळा परत मोजताय? काय, पळून गेला का कुठे?" विल्का म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

कार्निव्हलच्या शुक्रवारी खाणीत तीओची पूजा असते. त्या दिवशी काम नाही. लामा कापतात, रक्त शिंपडतात, कागदाच्या रंगीत फितींनी सगळं मढवतात, यंत्रं, गाड्या, तीओची शिंगं. त्या दिवशी बाईमाणूस आत नाही म्हणजे नाही. ती सकाळी फाटकाशी आली होती. हातात फितींचं पुडकं होतं, तिनेही आणलं होतं. विल्काने ते तिच्या हातातून घेतलं, "तुमच्या वतीने आम्ही लावू" म्हणाला आणि फाटक ओढून घेतलं. ती ढिगाच्या बाजूने आईकडे निघून गेली.

तिच्या फिती माझ्या हातात आल्या. दुपारपर्यंत माझ्या पोटात बरीच दारू गेली होती. तीओच्या कोनाड्यासमोर छताला बरोब्बर एक खिळा होता, चौदा नंबरचा. मी त्याला फिती बांधल्या, फितींना सगळ्यांच्या पताका जोडल्या, आणि वर हौस म्हणून बाटल्यांची एक माळ लटकवली. खुंटी सुटली आणि सगळं माझ्या डोक्यावर आलं. सगळे हसले, मीही हसलो.

मग मला वाटलं, बाईचा खिळा पडला, सोमवारी बिचारी शोधत बसेल. खरंच, मनात तेवढंच होतं. जुन्या भोकाचा तुकडा उडाला होता, तिथे खुंटी धरेना. वीतभर बाजूला एक छान फट होती. तिथे मी खुंटी दगडाने ठोकून बसवली, पत्र्याचा नंबर पुसून सरळ केला. खिळा म्हणजे दोरी टांगायची जागा, इथे काय आणि तिथे काय, अशी माझी अक्कल. जाता जाता विल्काला म्हणालोही, "बाईचं काम केलं." तो तीओला सिगारेट लावत होता, त्याने ऐकलं नसावं.

कार्निव्हल संपला, त्यानंतरच्या सोमवारी ती आली. आठवडाभराच्या सुट्टीने सगळे चिडचिडे झालेले. तिने यंत्राचे पाय उचलले आणि मागच्या खिळ्याकडे निघाली, तेवढ्यात विल्का करवादला, "बाई, आज तरी नको! माणसं उभी आहेत. एवढा विश्वास नाही तर शिकलात कशाला?" ती थांबली. मी तिचा चेहरा बघत होतो. सव्वा वर्षात तिने एकदाच आमचं ऐकलं, ते त्या दिवशी. मागे न जाता तिने चौदा नंबरखाली यंत्र लावलं आणि पुढची दिशा दिली.

सहा महिने आम्ही खणलं. सप्टेंबरात पलीकडच्या टोळीचे सुरुंग ऐकू यायला लागले, तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मग आवाज बाजूने यायला लागले. मग मागून. दोन बोगदे एकमेकांच्या शेजारून निघून गेले होते, मध्ये चार मीटर दगड. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही.

तिने तीन दिवस मागितले. तीन दिवस एकटी आत बसून पहिल्या खिळ्यापासून सगळं पुन्हा मोजलं. आमच्यापैकी कुणी यंत्राचा पाय धरायलाही गेलं नाही. शनिवारी सकाळी सभा भरली. एकतीस सभासद. ती पुढे उभी राहिली, हातात वही.

"चौदा नंबरचा खिळा जागेवर नाही," ती म्हणाली. "बावीस सेंटिमीटर सरकलाय. एका वितीचे पुढे जाऊन चार मीटर झाले. कोणी सरकवला त्याला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असंही म्हणत नाही. फक्त त्याने उठून सांगावं, की बाईचं माप खोटं नव्हतं."

त्या क्षणापर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं. माझ्यासमोर बाकावर एक घर काढलेलं होतं, कुणीतरी चाकूने कोरलेलं, मी ते घर बघत बसलो.

"खिळ्याला पाय फुटले म्हणायचे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"तरी सांगत होतो, बाई आत आली की तीओ वाट फिरवतो."

विल्काने विचारलं, "कोणी सरकवला का रे खिळा?" त्याने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. तिनेही फिरवली. मग तो म्हणाला, "बाईंना कामावरून कमी करावं. हात वर करा." एकतीस हात वर गेले. माझा डावा, कारण उजव्या हातात टोपी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसंच झालं, आणि चोरानेच दोरी ओढली.

ती रडली नाही. वहीतलं एक पान फाडून तिने विल्कासमोर ठेवलं. "सहा मीटर मागे या आणि उजवीकडे काटकोनात वळा. चार मीटरवर ते भेटतील." आणि गेली. आम्ही तसंच केलं. पाचव्या दिवशी पलीकडच्या पहारीचं टोक आमच्या बाजूला आलं, तिने सांगितलं तिथेच, फरक असेल तर बोटभर. वारा असा आत आला की सगळ्यांच्या टोप्या उडाल्या. विल्काने तीओला आख्खी बाटली पाजली. बाईला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं.

पुढचं तिचं आयुष्य मला नोएमीकडून तुकड्यातुकड्याने कळलं. ती खाली वायूच्या विहिरींवर गेली. तिथे ड्रिलिंगच्या चिखलावर काम, विहिरीत सोडायचा चिखल दर तासाला तोलायचा. हलका झाला तर खालचा वायू उसळून सगळं उडवतो. अठ्ठावीस दिवस छावणीत, चौदा दिवस सुट्टी. ऐंशी पुरुष आणि ती, राहायला पत्र्याचा डबा. म्हणे तिच्या कामाच्या पाळीत एकदाही चिखल हलका झाला नाही. दोन वर्षांनी आई आजारी पडली म्हणून परत आली, आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. मग संस्थेत शिकवायला लागली. बेकरीच्या वरची एक खोली, एक खिडकी. दुपारी बाजारात उभ्यानेच शेंगदाण्याचं सूप पिते, बसायच्या जागा असतात तरी. रविवारी चौकात सगळं गाव असतं, ती नसते. मी लांबून खिडकी बघायचो आणि रस्ता बदलायचो. अठरा वर्षं रस्ता बदलला. एवढ्याशा गावात ते सोपं नाही.

या वर्षी मार्चमध्ये नोएमी जेवताना सांगू लागली, "पप्पा, आज आयाविरी बाईंनी मोजणीचा पहिला धडा घेतला. फळ्यावर खिळा काढला आणि म्हणाल्या, ही माझी चूक आहे, ही नीट लिहून घ्या. एकदा मी मागचा खिळा तपासला नाही, लोक उभे होते म्हणून. त्यामुळे तीस घरांचे सहा महिने दगडात गेले. खिळा कोणी हलवला हा प्रश्न नाही, मी तपासला नाही हा प्रश्न आहे." नोएमीने बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला. "पण कमाल आहे ना? असा खिळा हलवणारा माणूस किती मूर्ख असेल!"

खोकल्याचं निमित्त करून उठलो. तो दोष तिने स्वतःच्या नावावर घेतला होता आणि दर वर्षी नव्या पोरांसमोर वाचून दाखवत होती.

पुढच्याच मंगळवारी मी संस्थेत गेलो. ती यंत्रांच्या खोलीत दुर्बिणीची काच पुसत होती. केस बरेच पांढरे झालेत.

"नोएमीचे वडील ना? पोरगी चांगली आहे. फक्त घाई करते."

"तिच्यासाठी नाही आलो, बाई. चौदा नंबरचा खिळा मी ठोकला होता. शुक्रवारी, पूजेला."

तिचा हात थांबला नाही. "दगडाने?"

"हो."

"वाटलंच. खुंटीवर हातोडीच्या खुणा नव्हत्या." काच पुसून झाली, तिने झाकण लावलं. "मुद्दाम?"

"नाही हो, देवाशपथ. तुम्हाला शोधावा लागू नये म्हणून."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला इथे कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी सभेत विचारलं होतं. सभेत सांगा."

गेल्या शनिवारी सभा होती. मी आता आत जात नाही, छाती साथ देत नाही, फाटकावर बसतो, पण सभासद आहे. त्या एकतीस जणांतले आता आम्ही चौघे. बाकीचे विल्कासकट डोंगरामागच्या दफनभूमीत. अध्यक्ष विल्मेर कोपा आहे, तेव्हा तो शाळेत होता. 'इतर विषय' आले तेव्हा मी उठलो. म्हणालो, की वीस वर्षांपूर्वी आपल्या खाणीत एक मोजणी करणाऱ्या बाई होत्या, त्यांना आपण काढलं, पण त्यांचं माप बरोबर होतं. आपल्यापैकी कोणीतरी खिळा हलवला होता.

"कुठल्या बाई, काका?" विल्मेरने विचारलं.

मी नाव सांगितलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. आता खाणीत तीन मुली कामाला आहेत, त्यांतली एक मोजणीच करते. तिने विचारलं, "का काढलं त्यांना?" मी म्हटलं, "खिळ्यामुळे."

"बरं, मग ठराव करू की," विल्मेर म्हणाला. "कुणाची हरकत? नाही? हात वर करा." बाहेर जेवणाला उकडलेल्या बटाट्यांची पाटी उतरली होती, वास येत होता. सगळे हात चटकन वर गेले. मला ठरावाची शिक्का मारलेली प्रत मिळाली. माझा जीव भांड्यात पडला. वरातीमागून का होईना, घोडं पोचलं, असं म्हणत मी थेट बेकरीवरच्या खोलीकडे गेलो.

तिने दारातच कागद घेतला. चष्मा लावून वाचला. एका ओळीवर बोट ठेवून तीच ओळ मोठ्याने वाचली:

"'सभासदांपैकी कोणीतरी.'"

मी टोपी काढून हातात घेतली.

"एवढं तर मलाही माहीत होतं," ती म्हणाली. कागदाची नीट घडी घालून तिने तो मला परत दिला आणि हळूच दार लावलं. जिना उतरताना मला आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

म्हणून ही पानं. ती आधी नोएमीच्या हातात पडणार, कारण छापायला तीच देणार आहे, हे मला ठाऊक आहे. ती वाचेपर्यंत मी फाटकावर बसून राहीन. अंक काढणाऱ्यांना एकच विनंती, जागा कमी पडली तर वरचं काहीही कापा, हे शेवटचं कापू नका: आयाविरी बाईंचं माप बरोबर होतं. खिळा एलेउतेरियो वाराचीने हलवला, आणि सभेत तो समोरच बसला होता.